चेंडू कुणाच्या हाती

जपानमधल्या शालेय बेसबॉलचा हंगाम जवळजवळ प्रत्येक संघासाठी पराभवाने संपतो. उन्हाळी राष्ट्रीय स्पर्धा प्रांतातल्या पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत बाद पद्धतीने खेळली जाते. एक सामना हरला की वर्ष संपले. २०१९ साली या स्पर्धेत सुमारे ३,७०० शाळा उतरल्या, आणि त्यांतली एक सोडून बाकी साऱ्यांचा उन्हाळा हरूनच संपला. त्यामुळे तिथल्या प्रशिक्षकाला हंगामाचा हिशेब मांडायचा झाला, तर तो हरलेल्या सामन्यापासून मागे जात मांडावा लागतो. किती सामने जिंकले, कुठवर पोहोचलो हे त्या हिशेबात येतेच. पण सर्वांत जड नोंद असते ती एका मुलाच्या हाताची: त्या हाताने किती चेंडू टाकले, किती दिवसांत टाकले आणि तो थांबवायला हवा तेव्हा कुणी थांबवला का.

ही स्पर्धा १९१५ साली ओसाकाजवळच्या तोयोनाका इथे सुरू झाली. १९२४ मध्ये निशिनोमिया शहरात कोशिएन स्टेडियम उभे राहिले आणि तेव्हापासून स्पर्धा त्याच नावाने ओळखली जाते. जपानचे ४७ प्रांत. तोक्यो आणि होक्काइदोला दोन-दोन जागा, बाकी प्रत्येक प्रांताला एक, असे ४९ संघ ऑगस्टच्या उन्हात तिथे जमतात. सामने देशभर दूरचित्रवाणीवर दिसतात, आणि प्रांत सोडून दूर नोकरीला गेलेली माणसे आपल्या प्रांताच्या शाळेसाठी जीव टाकतात. हरलेल्या संघातली मुले मैदानावरची काळी माती पिशवीत भरून घरी नेतात. एखाद्या गावातली सरकारी शाळा पस्तीस-चाळीस वर्षांनी तिथवर पोहोचली, तर गावाची बाजारपेठ त्या दिवशी बंद असते असे समजायला हरकत नाही.

प्रशिक्षकाला तिथे ‘कांतोकु’ म्हणतात. सरकारी शाळेत हा बहुधा शाळेतलाच शिक्षक असतो. सकाळी वर्गावर शिकवायचे, दुपारनंतर मैदानावर उभे राहायचे, शनिवार-रविवारी सरावाच्या सामन्यांना मुलांना घेऊन जायचे. त्याचे वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होते. उन्हाळी स्पर्धेतून बाहेर पडताच तिसऱ्या वर्षाची मुले, म्हणजे आपल्याकडच्या बारावीच्या वयाची, संघातून निवृत्त होतात, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा नवा संघ लगेच उभा राहतो. शरद ऋतूत प्रादेशिक स्पर्धा होते. तिथल्या कामगिरीवर मार्चमधल्या वसंत स्पर्धेची निवड ठरते. डिसेंबरपासून हिवाळाभर इतर शाळांशी सामने खेळायला मनाई असते, तेव्हा नुसते धावणे, वजने उचलणे आणि फटक्यांचा सराव. मग जूनअखेर-जुलैत पुन्हा प्रांतिक स्पर्धा.

अनेक शाळांत प्रत्येक खेळाडू एक वही ठेवतो. आज काय चुकले, काय जमले, कुठे दुखते हे रात्री लिहायचे आणि सकाळी वही प्रशिक्षकाच्या टेबलावर ठेवायची. प्रशिक्षक लाल शाईत उत्तर लिहून ती परत देतो. तोंडाने जे मूल ‘ठीक आहे सर’ एवढेच म्हणते, ते कधीकधी वहीत कोपराच्या आतल्या बाजूला ठणका असल्याचे लिहून जाते. पण नेहमीच लिहिते असे नाही. पाठीवर एक नंबरचा सदरा असलेला मुलगा, म्हणजे संघाचा पहिला पिचर, दुखणे लपवतो, कारण ते सांगितले तर नंबर दुसऱ्याकडे जाईल याची त्याला भीती असते.

या खेळात सारा भार पिचरवर का येतो, हे क्रिकेटमध्ये वाढलेल्या वाचकाला थोडे सांगायला हवे. गोलंदाज सहा चेंडू टाकतो आणि दुसऱ्या टोकाने दुसरा गोलंदाज येतो. बेसबॉलमध्ये ही अदलाबदल नाही. प्रशिक्षक बदलत नाही तोवर एकच पिचर प्रत्येक चेंडू टाकत राहतो. नऊ इनिंगांच्या पुऱ्या सामन्यात शंभर ते दीडशे चेंडू सहज होतात. फेकण्याचे अंतर १८.४४ मीटर, आणि हात कोपरात वाकवून खांद्यामागून झटक्याने पुढे आणायचा. त्या झटक्यात कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर विलक्षण ताण येतो. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढपट्ट्या अजून कूर्चेच्या असतात. ताण आधी तिथे बसतो. अमेरिकी डॉक्टरांनी १९६० सालीच या दुखापतीला ‘लिटल लीग एल्बो’ असे नाव दिले होते. लिगामेंट फाटले तर शरीराच्या दुसऱ्या भागातला स्नायुबंध काढून तिथे बसवण्याची शस्त्रक्रिया १९७४ साली फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या व्यावसायिक पिचरवर पहिल्यांदा केली. आज ती शाळकरी वयातल्या मुलांवरही करावी लागते.

कोशिएनच्या दंतकथा मात्र एका हाताने सारे सामने ओढून नेणाऱ्या मुलांच्याच आहेत. १९३३ साली चुक्यो आणि आकाशी या शाळांचा उपांत्य सामना २५ इनिंगांपर्यंत चालला आणि १-० असा संपला. चुक्योच्या पिचरने एकट्याने ३३६ चेंडू टाकले. १९६९ च्या अंतिम सामन्यात मिसावा शाळेचा कोजी ओता १८ इनिंगांत २६२ चेंडू टाकून बरोबरीत राहिला आणि दुसऱ्या दिवशी फेरसामन्यात पुन्हा उभा राहून हरला. १९९८ मध्ये योकोहामाच्या दाइसुके मात्सुझाकाने पीएल गाकुएनविरुद्ध १७ इनिंगांत २५० चेंडू टाकले, दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात शेवटची इनिंग टाकली आणि अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिली नाही. मात्सुझाका पुढे मोठा व्यावसायिक पिचर झाला, आणि पुढची वीस वर्षे कितीतरी प्रशिक्षकांनी त्याचे उदाहरण दिले. अशा उदाहरणात एक खोट असते. ज्यांचा हात टिकला त्यांचीच नावे लोकांच्या ओठी राहतात. ज्यांचा टिकला नाही ते कॉलेजात पोहोचण्याआधीच खेळातून नाहीसे झालेले असतात.

ओकिनावा सुइसान या शाळेचा रिन ओनो मात्र लोकांच्या लक्षात राहिला. १९९० साली त्याची शाळा अंतिम सामन्यात हरली होती. ओकिनावाच्या संघाने तोवर ही स्पर्धा कधीच जिंकली नव्हती. १९४५ च्या युद्धात होरपळलेल्या आणि १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात राहिलेल्या त्या बेटांना हा विजय किती हवा होता, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. प्रशिक्षक हिरोयोशी साई यांच्या खांद्यावर ते सारे ओझे होते. १९९१ मध्ये ओनोचा उजवा कोपर स्पर्धेआधीच दुखावलेला होता. तरीही त्याने सहा सामन्यांत ७७३ चेंडू टाकले. अंतिम सामन्यात ओसाका तोइनकडून ओकिनावा सुइसान १३-८ असे हरले. स्पर्धेनंतर कोपराचे हाड मोडल्याचे निष्पन्न झाले, आणि ओनो पुन्हा कधी पिचर म्हणून उभा राहिला नाही. बाह्यरक्षक म्हणून तो व्यावसायिक संघापर्यंत पोहोचला, ही त्याची जिद्द. पुढे ओकिनावात लहान मुलांच्या बेसबॉलसाठी तो काम करत राहिला. त्या उन्हाळ्यानंतर शालेय बेसबॉल महासंघाला जाग आली. कोशिएनला येणाऱ्या पिचरांच्या खांद्या-कोपरांची वैद्यकीय तपासणी १९९० च्या दशकात सुरू झाली. चेंडूंच्या संख्येला हात लावायला मात्र महासंघाला आणखी जवळपास तीन दशके लागली. २०१३ च्या वसंत स्पर्धेत साइबी शाळेचा सोळा वर्षांचा तोमोहिरो आनराकु ७७२ चेंडू टाकून गेला, त्यांतले २३२ एकाच सामन्यात. तेव्हा अमेरिकी वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. जपानात बहुतेकांनी त्याच्या धैर्याचे कौतुक केले.

या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर ओफुनातो शाळेचा २०१९ चा हंगाम पाहावा लागतो. ईशान्य जपानमधल्या इवाते प्रांताच्या किनाऱ्यावरची ही सरकारी शाळा. २०११ च्या त्सुनामीने हा सारा किनारा उद्ध्वस्त केला होता. शेजारच्या रिकुझेनताकाता शहरात राहणाऱ्या रोकी सासाकीचे वडील आणि आजी-आजोबा त्या लाटेत गेले. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. नंतर कुटुंब ओफुनातोला आले. मोठ्या खासगी शाळा बोलावत असताना गावातल्या मित्रांबरोबर खेळायचे म्हणून त्याने सरकारी शाळा निवडली. १९० सेंटीमीटर उंचीचा हा मुलगा तिसऱ्या वर्षी राष्ट्रीय निवड शिबिरात ताशी १६३ किलोमीटर वेगाने चेंडू टाकून गेला, आणि त्या एप्रिलपासून शाळेच्या सरावावर पत्रकारांचे थवे येऊ लागले. ओफुनातो कोशिएनला शेवटची गेली होती १९८४ साली.

प्रशिक्षक होते योहेई कोकुबो, वय ३२, त्सुकुबा विद्यापीठात शिकलेले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. सासाकीची हाडे अजून वाढीच्या अवस्थेत आहेत, इतक्या वेगाचा भार त्यांनी रोज सोसावा अशी ती पक्की झालेली नाहीत, हे वैद्यकीय तपासणीतून त्यांना ठाऊक होते. त्यामुळे वसंतात त्याला जपूनच वापरले गेले.

जुलैमधल्या प्रांतिक स्पर्धेत सासाकीने पहिल्या सामन्यात दोन इनिंगांत १९ चेंडू टाकले, पुढच्यात सहा इनिंगांत ९३. २१ जुलैला चौथ्या फेरीत मोरिओका चौथी शाळा समोर होती. सामना बाराव्या इनिंगपर्यंत लांबला. सासाकीने १९४ चेंडू टाकले, २१ फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे थेट आपल्या चेंडूंवर बाद, केले आणि बाराव्या इनिंगमध्ये स्वतःच होमरन मारून सामना ४-२ असा जिंकून दिला. दुसऱ्याच दिवशी उपांत्यपूर्व सामना होता. त्यात कोकुबोंनी त्याला खेळवलेच नाही. इतर पिचरांनी ११ इनिंगांत ६-४ असा विजय खेचून आणला. २४ तारखेला उपांत्य सामन्यात सासाकी पुन्हा उभा राहिला: नऊ इनिंगा, १२९ चेंडू, १५ स्ट्राइकआउट, ५-० असा विजय. चार सामन्यांत २९ इनिंगा आणि ४३५ चेंडू झाले होते. अंतिम सामना दुसऱ्याच दिवशी, २५ जुलैला, मोरिओकात होता.

समोर हानामाकी हिगाशी ही शाळा होती. पुढे अमेरिकेत गाजलेला शोहेई ओहतानी याच शाळेचा. तोही २०१२ च्या आपल्या शेवटच्या उन्हाळ्यात प्रांताचा अंतिम सामना हरला होता आणि कोशिएनला पोहोचला नव्हता. स्टेडियम खचाखच भरले होते, आणि सासाकी पिचरच्या जागी नव्हता. चौथ्या क्रमांकावर फलंदाजी करणारा हा मुलगा फलंदाज म्हणूनही आला नाही. कोकुबोंनी त्या दिवशी चेंडू अशा मुलाच्या हाती दिला, ज्याला त्या स्पर्धेत पहिल्या चेंडूपासून पिचिंग करायची ही पहिलीच वेळ होती. ओफुनातो १२-२ असे हरले आणि ३५ वर्षांनी कोशिएन गाठण्याची संधी गेली.

सामन्यानंतर कोकुबोंनी पत्रकारांना कारण सांगितले. चेंडूंची संख्या, सामन्यांमधले अंतर, त्या दिवशीची उष्णता हे सारे पाहता हात दुखावण्याचा धोका तीन वर्षांत त्या दिवशी सर्वांत जास्त होता. दुखापत टाळण्यासाठी हा निर्णय घेतला. टाक म्हटले असते तर त्याने टाकले असते, हेही त्यांनी मान्य केले. तसे म्हणणे त्यांना जमले नाही. सासाकीने आपल्याला खेळायचे होते एवढेच सांगितले, प्रशिक्षकाविरुद्ध अवाक्षर काढले नाही. शाळेत तक्रारींच्या फोनचा पाऊस पडला. जुन्या पिढीतले थोर फलंदाज इसाओ हारिमोतो यांनी दूरचित्रवाणीवर ठणकावून सांगितले की त्याला खेळवायलाच हवे होते. अमेरिकेत खेळणाऱ्या यू दार्विशने समाजमाध्यमांवर त्यांना तितक्याच ठामपणे उत्तर दिले. काही आठवडे देशात हाच विषय होता.

टीकेतला एक भाग रास्त होता आणि तो बाजूला सारता येणार नाही. अंतिम सामन्यासाठी सासाकीला राखायचेच होते, तर उपांत्य सामन्यात १२९ चेंडू का टाकू दिले? आणि मुळात चौथ्या फेरीत १९४ चेंडूंपर्यंत गोष्ट गेलीच कशी? संघातल्या बाकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा उन्हाळाही त्या दिवशी संपला. त्यांतल्या बहुतेकांनी पुन्हा कधी स्पर्धात्मक सामना खेळला नसेल. प्रशिक्षकाचा संघ म्हणजे एक मूल नव्हे. पण या सगळ्याचे उत्तर २५ तारखेच्या सकाळी देता येत नव्हते. ते वर्षभर आधी, दुसरा आणि तिसरा पिचर तयार करताना द्यावे लागते. २५ तारखेच्या सकाळी कोकुबोंसमोर एकच प्रश्न उरला होता, आणि त्याला त्यांनी दिलेले उत्तर बरोबर होते. आदल्या दिवशी १२९ आणि त्याआधी तीन दिवस १९४ चेंडू टाकलेल्या, हाडे अजून पक्की न झालेल्या मुलाला त्या दिवशीच्या उन्हात पुन्हा उभे करणे कुठल्याही स्वप्नासाठी योग्य ठरले नसते.

त्याच वर्षी नियमही हलू लागले होते. निइगाता प्रांताच्या संघटनेने डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या प्रांतापुरती सामन्यामागे १०० चेंडूंची मर्यादा जाहीर केली. राष्ट्रीय महासंघाने ती मागे घ्यायला लावली, पण प्रश्नाचा विचार करण्यासाठी तज्ज्ञांची समितीही नेमली. नोव्हेंबर २०१९ मध्ये निर्णय झाला: २०२० पासून एका पिचरने एका आठवड्यात ५०० पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत. कोरोनाच्या साथीमुळे २०२० च्या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाल्या आणि कोशिएनवर हा नियम पहिल्यांदा २०२१ च्या वसंतात लागू झाला.

५०० चेंडूंचा हा आकडा जुन्या हंगामांना लावून पाहिला की त्याचा उपयोग आणि त्याचा अपुरेपणा दोन्ही दिसतात. २०१८ मध्ये आकिता प्रांतातली कानाआशी नोग्यो ही शेतकी शाळा कोसेई योशिदाच्या बळावर अंतिम सामन्यापर्यंत गेली. त्याने १५७, १५४, १६४, १४०, १३४ आणि १३२ असे एकूण ८८१ चेंडू टाकले. नवा नियम तेव्हा असता, तर २० ऑगस्टच्या उपांत्य सामन्यात त्याला ४२ चेंडूंनंतर थांबावे लागले असते. सासाकीच्या बाबतीत मात्र चित्र उलटे आहे. अंतिम सामन्याआधीच्या सहा दिवसांत त्याचे १९४ आणि १२९ असे ३२३ चेंडू झाले होते. म्हणजे नियमाप्रमाणे त्या दिवशी आणखी १७७ टाकायला मुभा होती. पुऱ्या सामन्याला पुरून उरतील एवढे! ज्या निर्णयाने देश ढवळून निघाला, तो निर्णय हा नियम असता तरी प्रशिक्षकालाच घ्यावा लागला असता. अमेरिकेतल्या लिटल लीगने २००७ पासून चेंडूंची मर्यादा वयावर आणि विश्रांतीच्या दिवसांवर बांधली आहे. तिथे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ चेंडूंची मुभा आहे, आणि ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती सक्तीची. तिथल्या व्यावसायिक लीगच्या मार्गदर्शक तत्त्वांत १७-१८ वर्षांच्या मुलासाठी दिवसाची मर्यादा १०५ आहे. विश्रांतीचे दिवस मोजणारा असा नियम जपानच्या नियमापेक्षा उघडच जास्त समंजस आहे. मात्र लागोपाठ दोन दिवस सामने ठेवणाऱ्या वेळापत्रकात तो बसवायचा, तर आधी वेळापत्रकच बदलावे लागेल.

यातून वाट काढली ती काही प्रशिक्षकांनी. २०२२ मध्ये सेंदाई इकुएईने उन्हाळी स्पर्धा जिंकली. १९१५ च्या पहिल्याच स्पर्धेत आकिताचा संघ अंतिम सामन्यात हरला होता, तेव्हापासून शंभरहून अधिक वर्षे ईशान्येकडच्या तोहोकु प्रदेशाला हा विजय हुलकावणी देत होता. प्रशिक्षक वातारु सुए यांनी तो पाच पिचरांच्या जोरावर मिळवला. पाचही जण ताशी १४० किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकणारे, आणि कुणा एकावर सारी स्पर्धा टाकलेली नाही. सरावात मोजलेले आकडे आणि निवडीचे निकष मुलांसमोर उघड ठेवायचे, म्हणजे एक नंबरचा सदरा कुणाला आणि का, हे सगळ्यांना कळते, ही त्यांची पद्धत. २०२३ मध्ये केइओ शाळेने याच सेंदाई इकुएईला ८-२ असे हरवले आणि १९१६ नंतर १०७ वर्षांनी अजिंक्यपद मिळवले. तिथले प्रशिक्षक ताकाहिको मोरिबायाशी हे मुळात प्राथमिक शाळेतले शिक्षक. मुले त्यांना ‘कांतोकु’ न म्हणता ‘मोरिबायाशी-सान’ म्हणतात, डोक्याचा गोटा करण्याची सक्ती नाही, आणि खेळातला आनंद हे ध्येय उघडपणे बोलले जाते. केइओनेही पिचिंगचा भार वाटूनच घेतला. श्रीमंत खासगी शाळेला हे परवडते, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे: जिथे जेमतेम संघापुरती मुले जमतात, अशा गावच्या शाळेने पाच पिचर कुठून आणायचे? तरीही दुसरा पिचर तयार करणे हे कुठल्याही शाळेच्या आवाक्यातले काम आहे, आणि हिवाळ्यातले ते रुक्ष महिने त्यासाठीच असतात.

रोकी सासाकीचे पुढे काय झाले, यावरून कोकुबोंचा निर्णय तपासण्याचा मोह होतो. चिबा लोत्ते या व्यावसायिक संघाने २०२० चा पूर्ण हंगाम त्याला एकाही अधिकृत सामन्यात न उतरवता त्याचे शरीर घडवण्यात घालवला. १० एप्रिल २०२२ रोजी, विसाव्या वर्षी, त्याने एकाही प्रतिस्पर्ध्याला पहिल्या बेसपर्यंत पोहोचू न देता पूर्ण सामना जिंकला. १९ स्ट्राइकआउट, त्यांतले १३ लागोपाठ. पुढच्याच रविवारी तो पुन्हा आठ इनिंगा तसाच निर्दोष खेळत असताना व्यवस्थापक तादाहितो इगुची यांनी १०२ चेंडूंवर त्याला बाहेर घेतले. सामना ०-० असा होता आणि लोत्ते दहाव्या इनिंगमध्ये १-० ने हरले. या वेळी मात्र बहुतेकांनी व्यवस्थापकाचे समर्थन केले. तीन वर्षांत जनमत इतके सरकले होते. २०२५ मध्ये सासाकी लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला, खांद्याच्या दुखण्याने काही महिने बाहेर बसला आणि हंगामाच्या शेवटी परतून विजेत्या संघाचा भाग झाला. जपलेला हातही दुखावतो. हात टिकला म्हणून तो निर्णय बरोबर ठरला आणि तुटला असता तर चूक, असा हिशेब करता येत नाही. त्या दिवशी प्रशिक्षकाला जे माहीत होते त्याच्याच आधारे तो जोखावा लागतो.

महासंघाने त्यानंतर आणखी काही बदल केले, आणि पुढच्या बदलांची चर्चा आहे. पिचर आणि राखीव खेळाडू जास्त ठेवता यावेत म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यापासून संघाची संख्या १८ वरून २० केली गेली. बरोबरीत अडकलेला सामना लांबू नये म्हणून दहाव्या इनिंगपासून धावपटू आधीच बेसवर ठेवून खेळवले जाते. २०२४ पासून भर दुपारचे सामने टाळून सकाळ-संध्याकाळ अशा दोन सत्रांची सुरुवात झाली. नऊऐवजी सात इनिंगांचे सामने खेळवावेत का, यावर २०२५ मध्ये महासंघाने अभ्यासगट बसवला, आणि बहुतेक प्रशिक्षकांचा या बदलाला विरोध आहे, कारण इनिंगा कमी झाल्या की राखीव मुलांना खेळण्याची संधीही तितकीच कमी होते. तोवर जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये हरलेल्या हजारो संघांचे प्रशिक्षक दरवर्षीप्रमाणे चेंडूंच्या नोंदींची वही उघडतात, कुणाच्या हाताला किती विश्रांती द्यायची ते ठरवतात आणि शरद स्पर्धेसाठी पिचर म्हणून कुणाला तयार करायचे, त्यांची नावे काढायला बसतात.